खुर्चीत न बसलेली बाई

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे आणि माझ्यात माणूस एकही नाही. आहे ती एक खोली, खिडकीजवळ निळी खुर्ची, अर्धवट उघडे दार आणि त्या दारातून येणारा पिवळा उजेड.

खरे तर त्या खुर्चीत चित्रकाराची बायको बसायची होती. पण बाईच्या पायाला भिंगरी! जरा टेकली की उठलीच. "अहो, दूध उतू जाईल!" म्हणत ती आत धावली आणि चित्रकाराने वैतागून तिच्याशिवायच मला पुरे केले. मला पाहून ती पोट धरधरून हसली.

"बरं झालं! नाहीतर माझं नाक वाकडंच काढलं असतं तुम्ही!"

प्रदर्शनात माझे फार कौतुक झाले. जाणकारांपैकी कोणाला माझ्यात एकाकीपण दिसले, कोणाला मोडलेला संसार. निळा रंग म्हणजे दुःख, उघडे दार म्हणजे निरोप, असे सगळ्यांचे ठरले. दुधाचे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

पुढे ती बाई खरेच देवाघरी गेली. जाणकारांचे बोलणे आठवून चित्रकाराला वाटू लागले, की मीच अपशकुन केला. त्याने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले. अंगावर धूळ साचली, चौकटीत कोळ्याने बिऱ्हाड केले. मला फार वाईट वाटले.

एका सकाळी मात्र त्याने मला पुन्हा उजेडात घेतले आणि रंग कालवले. त्याला खुर्चीत बायको रंगवायची होती. पण तिचा चेहरा नीट आठवत नव्हता. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात त्याची लेक आली.

"बाबा, हे काय करताय?"

"तुझ्या आईला बसवतोय. रिकामी खुर्ची बघवत नाही गं."

लेकीने वाकून मला निरखले. "रिकामी कुठाय? गादी बघा, अजून दबलेली आहे. शाल खाली घसरतेय. आई आत्ताच उठलीय, बाबा. तिकडे दिवा लागलाय, तिथेच असेल ती."

म्हातारा बराच वेळ पाहत राहिला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ढसाढसा रडला.

"बसली कधी होती ती!" म्हणत त्याने कुंचला खाली ठेवला.

मित्रांनो, निळा म्हणजे दुःख असे पाठ करून आमच्यासमोर येऊ नका. जरा थांबा, नीट बघा, आणि अधूनमधून आमच्यावरची धूळ पुसा. माझी तो रोज पुसतो. खुर्चीपाशी आला की त्याचा हात हळू होतो.