पंच क्रमांक दोन

अच्युतराव देवस्थळी यांनी हिंदी मुलखातल्या पिपलानीच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला बत्तीस वर्षं काढली आणि मोजल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नाही. हे आम्ही म्हणत नाही, ते स्वतःच म्हणत, आणि दिवसातून निदान एकदा तरी म्हणत. शाफ्ट केसभर जाड निघाला तरी परत, मग वरून कोणाचा का फोन येईना! निवृत्त होऊन साकेत नगरात राहायला आले तरी खोड गेली नव्हती. भाजीवाल्याच्या तराजूकडेही ते त्याच नजरेने बघत.

मराठी मंडळाच्या वर्धापनदिनी दरवर्षी ज्येष्ठांची वादस्पर्धा असे. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठी टाकून ठरे. यंदाचा विषय होता, 'खटल्याचा निकाल लागेपर्यंत आरोपीला तुरुंगात ठेवणं योग्य की अयोग्य'. अच्युतरावांचं मत मंडळात सगळ्यांना पाठ होतं. पोलीस उगाच कोणाला धरत नाहीत! आणि नेमकी त्यांच्या वाट्याला चिठ्ठी आली 'अयोग्य'ची. विरुद्ध बाजू मिळालेले केशवराव खो खो हसले.

"बोला आता चोरांच्या बाजूने!"

अच्युतराव चिडले, पण मैदान सोडणाऱ्यातले ते नव्हते. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या चहानंतर त्यांनी बायकोला जेवणाच्या टेबलाशी समोर बसवलं. "तू केशव हो. दयामाया दाखवू नकोस."

मनोरमाबाई शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना नुसतं सांगायचाच अवकाश होता.

"सुरू करा," त्या म्हणाल्या.

"माणूस आत जातो, तारखा पडत राहतात. शेवटी निर्दोष सुटला तर गेलेली वर्षं त्याला कोण परत देणार?" अच्युतरावांना आपलाच मुद्दा आवडला. आवाजही चढला.

"पण पोलीस पुरावा आणतात ना?"

"पुरावा म्हणजे शेवटी कागद! कागदावर काय, काहीही लिहिता येतं."

"काहीही कसं? त्यावर पंचांच्या सह्या असतात. आरोपीशी काही देणं ना घेणं, अशा दोन सभ्य माणसांच्या. त्यांच्या डोळ्यांदेखत वस्तू सापडलेली असते. ती माणसं कशाला खोटं बोलतील?"

अच्युतरावांनी उत्तर द्यायला मान वर केली. त्यांची नजर फ्रिजकडे गेली. तिथे चुंबकाखाली आठ दिवसांपूर्वी आलेलं कोर्टाचं समन्स लावलेलं होतं. गुरुवारी साक्ष होती. आलं तेव्हा ते बायकोला म्हणाले होते, कसली तरी जुनी सही आहे, जायचं, हो म्हणायचं आणि यायचं.

"अहो, बोला की. हरलात?"

"मनोरमा," ते हळूच म्हणाले, "मी तिथे नव्हतो गं."

मग सगळं बाहेर आलं. एकोणीस महिन्यांपूर्वी कॅनडात त्यांच्या मुलाला, अमेयला, मुलगी झाली, तेव्हा पासपोर्टच्या चौकशीसाठी अच्युतराव पोलीस ठाण्यात गेले होते. तिथल्या साहेबांनी चहा मागवला. "अंकल, आप जैसे शरीफ आदमी कहाँ मिलते हैं? बस दो साइन कर दीजिए." कागदावर लिहिलं होतं की करोंदच्या मंडीतला हमाल सुरेश याच्या खोलीमागून लोखंडी रॉड पंचांसमक्ष जप्त केला. त्याच रॉडने म्हणे त्याने गोदामाच्या चौकीदाराचं डोकं फोडलं होतं. अच्युतरावांनी ना खोली पाहिली होती, ना रॉड. धमकी कोणी दिली नाही. पासपोर्टचा फॉर्म तेवढा साहेबांच्या कोपराखाली होता. अच्युतरावांनी चष्मा लावला आणि 'पंच क्रमांक दोन' या शब्दांपुढे वळणदार सही केली.

"आणि तो माणूस?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"कुठला?"

"सुरेश. तो कुठे आहे आता?"

अच्युतरावांना ठाऊक नव्हतं. एकोणीस महिन्यांत हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता, आणि याचीच त्यांना आता भयंकर लाज वाटली.

"खरं सांगितलंत तर तुमच्यावर काही येईल का?"

"येऊ शकतं. खोट्या पंचनाम्यावर सही केलीय मी. केस होईल, पेपरात नाव येईल. मंडळात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

मनोरमाबाईंनी कप उचलले. बेसिनपाशी त्या पाठमोऱ्याच बोलल्या, "त्याच पासपोर्टवर आपण नातीला बघून आलो. मीही तिला मांडीवर घेतलं." गुरुवारी सकाळी न सांगता साडी बदलून, पर्स घेऊन दाराशी उभ्या राहिल्या.

कोर्टात सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे केला. "ये दस्तखत आपके हैं?"

"जी, मेरे हैं."

"रॉड आपके सामने मिली? सवा दो फुट की?"

सव्वादोन फूट! अच्युतरावांनी कागदाकडे पाहिलं. कोणीतरी लांबी मोजून लिहिली होती, आणि खाली त्यांची सही होती.

"साहब, मैंने नापी नहीं," ते म्हणाले. "देखी भी नहीं. मैं वहाँ गया ही नहीं था. दस्तखत थाने में किए."

वकील उखडले. आरोपीच्या माणसांनी दबाव आणला का, काही आमिष दाखवलं का, खोदून खोदून विचारलं. अच्युतराव म्हणाले की आरोपी दिसायला कसा, हेही मला अजून माहीत नाही. मॅजिस्ट्रेट बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "पढ़े-लिखे आदमी हैं आप. दस्तखत क्यों किए?"

"पासपोर्ट रुक जाएगा, इस डर से."

बाईंनी ते शब्दशः उतरवून घ्यायला लावलं. याचे परिणाम तुम्हाला भोगावे लागू शकतात, अशी समजही दिली. पुढची तारीख पडली. कोणी सुटलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेर व्हरांड्यात मनोरमाबाई बाकावर बसल्या होत्या. अच्युतराव त्यांच्याशेजारी टेकतात तोच एका हवालदाराने हाताला धरून एकाला बाहेर आणलं. चाळिशीचा, खांदे रुंद, पण अंगावरचा शर्ट एखाद्या थोराड माणसाकडून मागून आणल्यासारखा ढगळ झालेला. शर्ट त्याचाच होता. तो अच्युतरावांसमोर थांबला. हवालदारानेही क्षणभर थांबू दिलं.

आता हा शिव्या देणार, असं अच्युतरावांना वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं.

सुरेश त्यांच्याकडे नुसता बघत राहिला, नवलाने. मग म्हणाला, "बाबूजी, हम तो उन्नीस महीने यही समझते रहे कि पंच नंबर दो कोई है ही नहीं. पुलिस ने मन से नाम लिख दिया होगा. कोई शरीफ आदमी ऐसे थोड़े ही करता है." तो जरा पुढे वाकला. "आप सच में हैं?"

अच्युतरावांनी मनोरमाबाईंचा हात घट्ट धरला.

"हूँ," ते म्हणाले. "मैं ही हूँ."