बारा पेट्या आणि महाराजांचा बल्ब

बॅटरीचं आम्ल तपासायच्या काचेच्या नळीतला तरंगा वर यायला तयार नव्हता. पहिल्या पेटीतलं आम्ल ओढून पाहिलं, दुसरीतलं पाहिलं. सहावीपर्यंत तरंगा लाल पट्ट्यातच बुडालेला, म्हणजे पेट्या उतरलेल्या. सातवीपासून बारावीपर्यंत मात्र तो हिरव्या पट्ट्यात उभा राहिला. मी बाराही आकडे वहीत उतरवले.

माझ्या पाठीमागे सारा गाव हात जोडून बसला होता. आकड्यांशी कुणाला घेणंदेणं नव्हतं. गावातल्या मठाच्या रामाजी महाराजांच्या हातातला बल्ब लखलखत होता.

कुरखेड्यापलीकडच्या या गावात २००३ सालीही विजेचे खांब आले नव्हते. आरोग्य उपकेंद्रातले दिवे आणि लसींचा फ्रीज चालायचा तो छतावरच्या सौर पट्ट्यांवर आणि दोन-दोन व्होल्टच्या बारा बॅटरी-पेट्यांवर. चार दिवसांपूर्वी सगळं बंद पडलं. नर्स हाजराबाईंनी लसी तालुक्याला परत पाठवल्या आणि आश्रमशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मला बोलावलं.

त्यांना खरी काळजी उर्वशीची होती. सरपंच मुखरूभाऊंची ही मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं बाळ पोटात आडवं होतं. ते वाचलं नाही. हेही आडवंच आहे, ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात न्या, असं हाजराबाई पंधरा दिवस विनवत होत्या. वेशीबाहेर पाऊल पडलं तर देवी कोपेल, असं महाराज म्हणत. मुखरूभाऊ दोघांचंही ऐकून घेत आणि "पाहू" म्हणत.

आता महाराजांनी बंद पेट्यांना बल्बाच्या तारा लावून उजेड पाडला होता.

"सरकारची मशीन मेली," ते म्हणाले, "पन माह्या हातात माय जित्ती हाये. याच उजेडात पोरगी इथी मोकळी होईन."

बायांनी पेट्यांच्या ओट्याला डोकं टेकलं. मागे भिंतीशी उर्वशी बसली होती. मी तोच बल्ब उर्वशीच्या आईच्या, सुगंधाबाईंच्या हाती द्यायला सांगितलं. बाईमाणसाला झटका बसेल, असं महाराजांनी बजावलं.

"चुलीतला इंगळ उचलतो मी, महाराज," सुगंधाबाई म्हणाल्या. "बल्ब काऊन चावन मले?"

त्यांनी बल्ब धरला. मी तारा शेवटच्या सहा पेट्यांना टेकवल्या. बल्ब तसाच लखलखला. मग पहिल्या सहांना टेकवल्या. आत नुसती लालसर तार दिसली. महाराजांनी हात लावून पाहिला, मंत्रही म्हटला. तार लालच राहिली.

सहाव्या पेटीच्या बोल्टावरून एक वायर खिडकीतून मठाकडे गेली होती. मी हेमराजकडे पाहिलं. गावातले ट्रॅक्टर तोच दुरुस्त करतो.

"मीच जोडली, बाई," तो खाली मान घालून म्हणाला. "महाराजांच्या भोंग्याले बारा व्होल्ट लागते. ट्रॅक्टरची बॅटरी बाराचीच राह्यते. सहा पेट्या मोजल्या, झालं."

चूक भोळी होती. भोंगा रोज सकाळ-संध्याकाळ पहिल्या सहा पेट्या उपसत होता. बारा पेट्या एका माळेत भरतात, त्यामुळे भरताना सगळ्यांना सारखंच मिळतं. जास्त उपसलेल्या मागे पडत गेल्या. शेवटी बाराही पेट्यांचा मिळून विजेचा दाब इतका उतरला की भिंतीवरच्या नियंत्रक डब्याने आपोआप दिवे आणि फ्रीज तोडले. सहा पेट्या तरीही धडधाकट होत्या. महाराज तारा नेमक्या त्यांनाच लावत होते.

"मंग आज लाईट लागन का?" मुखरूभाऊंनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. मी नाही म्हणाले. भोंग्याची वायर काढून मागे पडलेली एकेक पेटी वेगळी, हळूहळू भरावी लागेल. बाराही आकडे सारखे झाले, तर याच पेट्या आणखी दोन-तीन वर्षं काढतील. त्याला आठवडा लागेल. उर्वशीजवळ आठवडा नव्हता.

मशीनची गोष्ट वेगळी आणि देवीची वेगळी, असं महाराज पुटपुटले. मान हलवणारे अजूनही होते. मुखरूभाऊंचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते एकदा महाराजांकडे पाहत, एकदा हाजराबाईंकडे. मी एवढंच म्हणाले की कुणाच्या शब्दावर जीव सोपवायचा असेल, तर आधी तो शब्द तपासून पाहा. आत्ता बल्ब तपासला तसा. देवीवर राग नको; तिच्या नावाने कोण काय लपवतं, ते विचारा.

सुगंधाबाईंनी बल्ब जमिनीवर ठेवला. भिंतीला धरून उर्वशी उभी राहिली. पंधरा दिवसांत या विषयावर तिला कुणी विचारलं नव्हतं, तीही बोलली नव्हती.

"बा, जीप सांग," ती म्हणाली. "मी आत्ताच ब्रह्मपुरीले जातो."