बादलचा नंबर

रामकिशननं रबरी पट्टी भीमराजच्या दंडावर चढवली आणि तिच्यात पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. तुकड्यावर ठळक एक छापला होता. घामानं बोटं ओली झाल्यामुळे तो काही केल्या सरळ बसेना.

"ऱ्हाऊ दे तसाच," भीमराज म्हणाला. आकड्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो पायाशी उभ्या असलेल्या बादलच्या मानेवरून हात फिरवत होता. बादल त्याचा कारवानी जातीचा कुत्रा, लांब पायांचा, पोट आत गेलेला. भावसिंगच्या तांड्यावरून पिल्लू असताना आणलेला.

"भाऊ, फेटा कुठाय? आन् अध्यक्षाचा बिल्ला?"

"गाडीत ठिवला."

"आणून देऊ?"

"काहून? पाहायचं कुत्र्याला हाय, का मला?"

रामकिशन हसला, पण त्याला ते खटकलं. आज आखाडा बाळापूरच्या बाजार मैदानात भरलेल्या श्वान प्रदर्शनाचा अध्यक्षच बिनफेट्याचा, साध्या सदऱ्यात उभा. म्हणजे कुणीतरी मानपानात चूक केली असणार आणि भाऊ आतून धुमसत असणार. रामकिशनचा छापखाना भीमराजच्या गाळ्यात होता, आणि भाऊंची मर्जी असेपर्यंतच तो तिथं होता. नशीब, आपण तरी आपल्याकडून कसर ठेवली नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं.

टेबलापाशी त्याची मुलगी प्रतिक्षा कॅटलॉगचा गठ्ठा सोडत होती. कॅटलॉग तिनंच जुळवला होता. रात्री छपाईला मात्र रामकिशन एकटाच बसला होता. तिनं पहिलं पान उघडलं आणि तिचा हात थांबला.

"आबा, हे काय करून ठिवलं?"

"हळू बोल."

"पहिल्या पानावर बादल? आन् भोवती ही झेंडूची महिरप?"

बाहेरगावच्या परीक्षक बाईंनी नियम आधीच कळवले होते. आधी कुत्र्याची जात, मग वयाचा गट, गटात आधी नर, मग माद्या, आणि त्यातही धाकटा आधी, थोरला नंतर. त्या क्रमानंच नंबर पाडायचे. प्रत्येक नोंदीत कुत्र्याचं नाव, जन्मतारीख, आई-बाप, आणि मालक सगळ्यात शेवटी. बाईंच्या हातात कॅटलॉग द्यायचाच नाही. त्यांना दिसणार फक्त कुत्रा आणि दंडावरचा आकडा. प्रतिक्षानं सगळं त्याबरहुकूम जुळवलं होतं. तिच्या क्रमात एक नंबरला गावातल्या मिराबाईचं चार महिन्यांचं पिल्लू होतं आणि बादल मोठ्या नरांत, शेवटी.

पण रामकिशनचा जन्म लग्नपत्रिका छापण्यात गेला होता. कनेरगाव नाक्यापासून वसमतपर्यंत कुणाचा मामा कुणाच्या काकाच्या वर छापायचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. एक नाव एक ओळ खाली घसरलं म्हणून मांडवातून उठून गेलेले पाहुणे त्यानं पाहिले होते. असा माणूस भीमराजला मिराबाईच्या पिल्लाखाली छापणार? ते त्याच्या हातून होणंच नव्हतं.

"भाऊ दोनदा गाळ्यावर आले होते," तो प्रतिक्षाला दबक्या आवाजात म्हणाला. "दोन्ही बारीला एकच इचारलं. 'बाईंना मालकाचं नाव कळत न्हाई म्हंता, बराबर?' आता मोठा माणूस असं इचारतो, तवा आपण काय समजायचं?"

"नाव कळत न्हाई, असंच समजायचं."

"तुला न्हाई कळायचं पोरी. तोंडानं कोण सांगतंय की मला वर टाक म्हणून? समजून घ्यावं लागतं."

प्रतिक्षानं कॅटलॉग मिटला आणि गठ्ठ्यावर पालथा ठेवला. रामकिशनला तिचा राग आला आणि तिची भीतीही वाटली.

भोंग्यावरून कारवानी, मोठे नर, असा पुकारा झाला. दोरीनं आखलेल्या चौकोनात चार माणसं चार कुत्रे घेऊन गेली. पुढं भीमराज, त्याच्यामागं पंधरा नंबर, मग सोळा नंबर घेऊन भावसिंग, शेवटी सतरा. परीक्षक बाई उन्हाची टोपी घालून मधोमध उभ्या होत्या. त्यांनी चारी कुत्र्यांना फेरी मारायला लावली. बादल असा पळाला की दोरीबाहेरच्या माणसांचं बोलणं थांबलं. भावसिंगचा कुत्राही काही कमी नव्हता.

बाई एकेकाचे दात बघत, पाठीवरून हात फिरवत आल्या. बादलपाशी त्या बराच वेळ वाकून होत्या. मग सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर भीमराजच्या दंडावर गेली. तिथून ती पंधरावर गेली, सोळावर गेली, पुन्हा मागं आली.

"हा एक नंबर या गटात कसा?" त्यांनी चौकोनातल्या कार्यकर्त्याला विचारलं.

कार्यकर्ता हौसेनं पुढं झाला. "अध्यक्ष हायत न् मॅडम आमचे. त्यांचाच हाय."

रामकिशननं सुटकेचा श्वास टाकला. झालं, भाऊंचं नाव बाईंपर्यंत पोचलं एकदाचं. त्यानं प्रतिक्षाकडे पाहिलं, पण ती भीमराजकडे बघत होती. भीमराजनं मान वळवून आपल्या दंडावरचा आकडा वाचला. मग त्यानं डोळे उचलले ते थेट टेबलाकडे. त्या नजरेत काय होतं ते रामकिशनला उमजेना.

बाईंनी आणखी एकदा बादल आणि भावसिंगचा कुत्रा समोरासमोर पळवले. मग त्या कोरड्या चेहऱ्यानं चालत गेल्या आणि पहिल्या नंबराची लाल फीत भीमराजच्या हातात दिली. दुसरा भावसिंग. टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिट्टी मारली. भावसिंग हसला, जसा तो नेहमीच भीमराजपुढं हसायचा, आणि आपल्या कुत्र्याला घेऊन बाजूला झाला.

भीमराज टेबलाशी आला. फीत त्याच्या मुठीत चुरगळली होती.

"नंबर कुणी पाडले?"

रामकिशनच्या जिभेवर पोरीचं नाव आलं होतं. कॅटलॉगवर तिचंच नाव होतं, जुळणी प्रतिक्षा म्हणून. ती खाली बघत सुतळी गुंडाळत होती. ती बापाचं नाव सांगणार नाही हे त्याला कळलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"म्या," तो म्हणाला. "पोरीनं बराबर लावलं होतं. रात्री म्या बदललं. तुमचा मान..."

"तुला म्या म्हणलं होतं?"

"न्हाई. पण तुमी दोनदा इचारलं, तवा मला वाटलं..."

"खातरी करून घेत होतो रे बाबा." भीमराजचा आवाज चढला नाही. चढला असता तर रामकिशनला बरं वाटलं असतं. "या पंचक्रोशीत माझा बैल पयला, माझं आंब्याचं झाड पयलं. पोरगं शाळेत नाचलं, तेबी पयलं. म्हणलं, एक बाई येऊन राहिली, जिला मी कोण ते ठावं न्हाई. ती तरी सांगल माझं कुत्रं कसं हाय ते."

गाळ्याचं काय होणार, हा विचार रामकिशनच्या मनात आला आणि तो आला म्हणून त्याला आणखी ओशाळल्यासारखं झालं.

भीमराजनं दंडावरची पट्टी ओढून काढली, आकडा बाहेर घेतला आणि टेबलावर ठेवला. मग तो प्रतिक्षाकडे वळला.

"तुझ्या हिशोबानं माझा नंबर काय होता गं?"

"सतरा."

"सतरा नंबर जिंकला असता का?"

प्रतिक्षानं चौकोनाकडे पाहिलं. भावसिंग तिकडं सावलीत आपल्या कुत्र्याला पाणी पाजत होता.

"सांगता येत न्हाई, काका," ती म्हणाली. "दोन्हीबी चांगले पळाले."

भीमराजच्या चेहऱ्यावरचा ताण जरासा सैल झाला, आणि त्यानं हळूच मान हलवली.

"व्हय," तो म्हणाला. "दोन्हीबी चांगले पळाले."

"जिंकलाच असता की, भाऊ!" रामकिशन घाईघाईनं पुढं झाला. "त्यात काय इचारायचं?"

भीमराजनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तो बादलला घेऊन भावसिंग उभा होता त्या सावलीकडे चालू लागला.