जहाजाच्या पुस्तकातली भाषा

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री आहे आणि लाँड्रीत दिवसभर वाफ. त्या वाफेत थोरली जाऊ चादरींना इस्त्री करते, धाकटी जाऊ घड्या घालते. सासर एक, नोकरी एक, जेवणाचा डबाही एकच. फरक एवढाच, की जेवणाच्या सुट्टीत धाकटी पाय पसरून डुलकी काढते आणि थोरली परक्या भाषेतलं एक जाडजूड पुस्तक उघडून बसते. ते पुस्तक मळक्या चादरींच्या गाठोड्यात सापडलं होतं. परत न्यायला कुणी आलंच नाही.

आता भाषा शिकायचीच तर माणसानं सरळ एखादा क्लास लावावा की नाही? हिनं रद्दीच्या दुकानातून फाटका शब्दकोश आणला आणि बसली एकेक अक्षर फोडत. पहिलं पान उलगडायला तीन आठवडे गेले. त्या पानावर जहाज होतं. पुढच्या पानावरही जहाजच. दोन वर्षांत थोरलीला त्या भाषेत शीड, सुकाणू, नांगर, भरती, ओहोटी सगळं कळू लागलं. पण चिमूटभर मीठ मागायची वेळ आली असती तर बाई उपाशी राहिली असती.

"ताई, तू समुद्र तरी पाहिलायस का?" धाकटी विचारायची.

"नाही."

"मग कशाला हा खटाटोप?"

थोरली नुसती हसायची. काय सांगणार? वाफ दाटून समोरची भिंत दिसेनाशी झाली, की तिच्या पायाखालची फरशी हळूच डोलायची. दोरीवरची चादर फुगायची. कुणीतरी लांबून वारा कुठला आहे ते विचारायचं आणि ती मनातल्या मनात उत्तर द्यायची. हे असलं धाकटीला सांगितलं असतं तर तिनं कपाळाला हातच लावला असता.

एके दिवशी सकाळीच वरच्या वॉर्डची सिस्टर जिना उतरून खाली आली. "तुमच्यापैकी ती परकी पुस्तकं वाचणारी कोण?"

धाकटीनं क्षणभरही न थांबता थोरलीकडे बोट केलं.

झालं होतं असं. काल संध्याकाळी एक म्हातारा रस्त्यात कोसळला होता. बेशुद्धीतच तपासणी झाली, तर आतड्याला पीळ पडलेला. दुपारच्या आत ऑपरेशन झालं नाही तर तो हाती लागणार नव्हता. पण गडी पलंगाची कड सोडायला तयार नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. फोनमधलं भाषांतर ऐकवलं की भिंतीकडे तोंड फिरवतो. त्याच्या खिशात वर्तमानपत्राचा एक तुकडा निघाला होता आणि त्यावरची अक्षरं थोरलीच्या पुस्तकातल्यासारखीच होती.

थोरलीनं इस्त्री बाजूला ठेवली आणि सिस्टरमागून वर गेली. पलंगाजवळ उभी राहून तिनं तोंडपाठ असलेलं एक वाक्य म्हटलं. म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. बरोबरच आहे, ती भाषा तिनं जन्मात कधी ऐकली नव्हती. सगळे उच्चार तिचे घरचेच. लाजेनं तिचे कान तापले. वाटलं, तडक खाली पळावं. ती पळालीही, पण परतली ती पुस्तक घेऊन.

तिनं वादळाचं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. म्हाताऱ्यानं चष्मा चाचपला. ओळ मोठ्यानं वाचली, सावकाश.

थोरलीला वॉर्डचा विसर पडला. दोन वर्षं जी भाषा डोळ्यांनी चाचपली, ती इतकी मऊ होती? तिला वाटलं, त्यानं असंच वाचत राहावं आणि आपण उशाशी बसून राहावं. पण डॉक्टर दारात घड्याळ बघत होते.

तिनं भराभर पानं उलटली. "गलबताला भोक पडलं आहे," या ओळीवर बोट, आणि मग चादरीवरून त्याच्या पोटाला हलकेच हात. "आज दुरुस्त केलं नाही तर बुडेल." मग डॉक्टरांकडे हात करून तिसरी ओळ, "हा सुतार कामात पक्का आहे."

म्हाताऱ्यानं डॉक्टरांना आपादमस्तक न्याहाळलं. किंचित हसला. पण कड काही सोडली नाही. एका हातानं पुस्तक ओढून घेतलं, बराच वेळ शोधलं आणि शेवटाकडच्या एका ओळीवर अंगठा टेकला. थोरलीनं वाचलं, "त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून हाक न मारताच त्याला पाण्यात सोडलं."

तिनं मान वर केली. पलंगाच्या पाटीवर 'अनोळखी पुरुष' असं लिहिलेलं होतं. म्हातारा सुरीला भीत नव्हता तर.

तिनं सिस्टरच्या खिशातलं पेन घेतलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं पानाच्या कडेला नाव लिहिलं. तिनं वाचलं. त्यानं मान हलवली, चुकलं. पुन्हा म्हणून दाखवलं. तिसऱ्या खेपेला तो 'असो, चालेल' अशा चेहऱ्यानं मागे रेलला आणि पलंगाची कड सोडली.

ऑपरेशन तीन तास चाललं. थोरली दाराबाहेर उभी राहून तोंडातल्या तोंडात ते नाव घोकत होती. धाकटी वर आली, चादरींचा ढीग पडलाय म्हणून सांगायला; जावेचा चेहरा बघितला आणि शेजारी उभी राहिली.

म्हाताऱ्याला बाहेर आणलं, पण तो भुलीतून उठेना. डॉक्टर म्हणाले, "हाक मारा त्यांना."

थोरली वाकली. एक हाक मारली. मग दुसरी, जरा मोठ्यानं. तिसऱ्या हाकेला पापण्या हलल्या. म्हाताऱ्यानं डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं, आणि क्षीण आवाजात, मास्तरांच्या चिकाटीनं, तिचा उच्चार सुधारला.