अव्वाचा उपास

टँकर नवव्या दिवशी आला आणि जगदेवीनं त्यातलं निम्मं पाणी गटारीला घातलं. सालही कसलं, दोन हजार सोळा! लातुरात पाणी आगगाडीनं येऊन राहिलेलं, आणि ही बाई टाकीत पाइप सोडून घरात झाकण आणायला गेली. झाकणाखाली जुना पेपर होता. त्यात कुठल्याशा बैलबाजाराची बातमी होती, ती हिनं उभ्याउभ्या वाचायला घेतली. बैल विकले गेले, बाजार उठला, तेव्हा कुठं बाहेरचा आरडाओरडा हिच्या कानात शिरला. बावन्न वर्षांची बाई! गल्लीतल्या बायांनी तिला काय काय ऐकवलं ते इथं न सांगितलेलंच बरं.

नवरा गुरुबसप्पा मात्र एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता, ताट आपटलं असतं, तर बरं झालं असतं असं तिला फार वाटलं. त्यानं दुसऱ्या दिवसापासून पेंडीचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केली. पाणी तो भरू लागला, गॅस तो बंद करू लागला, किल्ल्या त्याच्या कमरेला गेल्या. पुण्याच्या मुलाशी तो अंगणात जाऊन हळू आवाजात बोलायचा. एकदा तिनं ऐकलंच, "डोकं कामातनं चाललंय रे तुझ्या आईचं. उद्या रस्ता चुकली तर कुठं हुडकू?" घरात सगळं होतं आणि तिच्या हाताला काहीच नव्हतं. दिवसभर ती खाटेवर बसायची, पाहुणीसारखी.

तिला ओरडून सांगायचं होतं, अहो, मी आजची न्हाई, मी पहिल्यापासनं अशीच हाय! पण कोण मानणार? तिनं सारा जन्म ते झाकण्यात घालवलेला. दूध तापवायचं तर पदराला एक गाठ, कुकरची दुसरी, कुणी यायचं असलं की तिसरी. मग संध्याकाळी गाठी मोजत बसायचं आणि ही कशाची ते आठवायचं नाही. ब्याऐंशीला लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादेहून कागदांची गाठोडी ट्रकनं यायची. ती लावायला रोजंदारीवर पोरी घेतल्या होत्या, त्यात ही अठरा वर्षांची. गाठोडं सोडायची आणि कुणा म्हातारीचा जमिनीचा अर्ज वाचत बसायची. सातव्या आठवड्यात साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. घरी तिनं सांगितलं, काम संपलं.

गुरुबसप्पानं तिला मेंदूच्या डॉक्टरकडे म्हणून नेलं, तिथून त्यांना मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर विशाखा तिच्या मुलाच्या वयाची होती. तिनं गुरुबसप्पाला बाहेर बसवलं आणि तासभर नुसतं विचारलं. मग म्हणाली, "ताई, हा म्हातारपणचा विसर आहे असं मला वाटत नाही. एडीएचडी म्हणून एक गोष्ट असते. मेंदूची ठेवणच तशी असते, जन्मापासून. लक्ष नसतं असं नाही, ते आपल्या हुकमात नसतं."

"मग इतकी वर्षं कुणाला कसं कळलं न्हाई?"

डॉक्टरीण हसली, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. "आधीचा अभ्यास बहुतेक मुलग्यांवर झाला. वर्गात बाकांवर नाचणारी पोरं मास्तरांना दिसायची. खिडकीतून बाहेर बघत गप बसलेली पोरगी कुणाला त्रास देते? मोठेपणी हे आपोआप जातं असंही धरून चालले होते. आणि बायका तर काय, झाकण्यात पटाईत. पण मला खात्री करावी लागेल. बारा वर्षांच्या आत हे होतं का, ते तेव्हाचं बघितलेलं माणूस सांगेल तर उत्तम. नाहीतर मग विसराच्या आजाराच्या तपासण्या करू. आहे कुणी?"

होती. अव्वा होती, तिची आई, देगलूरला, भावाकडे. शांतम्मा, वय अठ्ठ्याहत्तर, कान तिखट.

अव्वा काय बोलते त्यावर आता सगळं होतं. तिनं सांगितलं तर किल्ल्या परत मिळणार होत्या. नाही तर खाट होतीच. जगदेवी पहाटेच उठली, तांब्याभर पाण्यात अंग पुसलं आणि साडेसहाची एसटी धरली. गुरुबसप्पा सोबत येतो म्हणाला, तिनं हट्टानं नको म्हटलं. खिडकीबाहेर उदगीरपर्यंत नुसती करडी ढेकळं, हिरवं म्हणून काही नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेरी का? ती म्हणाली, हाव.

भाऊ-भावजय धर्माबादला लग्नाला गेलेले. अव्वा एकटीच, चुलीपुढं भाकरी थापून राहिलेली. जगदेवीनं सगळं समजावलं, डॉक्टरणीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन अव्वाच्या तोंडापाशी धरला.

"आजी, जगदेवीताई लहानपणी कशा होत्या? वस्तू हरवायच्या? सांगितलेलं विसरायच्या?"

"छे गं बाई!" अव्वा ठसक्यात म्हणाली. "माझी पोरगी लई ध्यानाची. एक काम दोनदा सांगावं लागलं न्हाई कधी. शाळेत पैली!"

पैली! पाचवीत दोनदा बसलेली पोरगी! जगदेवीनं "नंतर लावते" म्हणून फोन बंद केला.

"अव्वा, खोटं कामून बोललीस गं?"

"मग काय, पोरीचं उणं परक्या बाईला सांगू? नांदती लेक तू. जावयाच्या कानावर गेलं तर?"

"जावयानंच तर नेलंय मला तिथं!" जगदेवीला रडू फुटलं. "मला येडी ठरवून राहिले गं सगळे."

रडणाऱ्या लेकीला अव्वानं जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला, गळ्यापाशी आणला. हात तिथंच थांबला. गळ्यात लिंग नव्हतं. चांदीच्या डबीतलं, दोऱ्यात ओवलेलं, लिंगायतांत पाळण्यातल्या पोरालाही बांधतात आणि मरेपर्यंत काढत नाहीत ते इष्टलिंग. पहाटे जगदेवीनं ते पूजेसाठी तळहातावर घेतलं, देवळीत ठेवलं, आणि एसटीची वेळ झाली.

"हरवलं न्हाई अव्वा. देवळीत ऱ्हायलं. शप्पत."

"तवाबी असंच म्हणायचीस," अव्वा म्हणाली. तिनं दोन ताटं वाढली होती. त्यातलं स्वतःचं तिनं हळूच बाजूला सरकवलं आणि वर पातेलं पालथं घातलं. "तू जेव. मला आज भूक न्हाई."

जगदेवी त्या पालथ्या पातेल्याकडे बघतच राहिली. हे तिनं बघितलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात, आठ वर्षांची असताना, अस्संच. अव्वा चार-चार दिवस जेवायची नाही. विचारलं की म्हणायची, जवारी कमी हाय, तुम्ही खा. आणि त्याच साली विहिरीवर, शाळेत, कडब्याच्या गंजीत जगदेवीचं लिंग हरवलेलं.

"अव्वा, बहात्तरला तू जवारीपायी उपाशी नव्हतीस?"

"जवारी होती थोडीफार," अव्वा चुलीकडे बघत म्हणाली. "लिंगाबिगर अन्न घ्यायचं न्हाई. पण लेकराला उपाशी कसं ठेवायचं? तुझा उपास मी धरायची. मग गपचिप जंगमस्वामींकडून दुसरं आणायची. तुझ्या बापाला कळलं असतं तर चामडी सोलली असती तुझी."

"किती वेळा?"

"त्या साली तीन. त्याच्या आधी दोन."

जगदेवीनं फोन लावला. "आता सांग, अव्वा. मघा मला सांगितलं तसंच सांग."

अव्वानं पदर नीट केला, आपल्या गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि सांगितलं. पाच लिंगं, शाळेत विसरलेली पाटी, बाजारला पाठवली तर माकडवाल्यामागं गावाबाहेर गेलेली पोर, सगळं. पलीकडून डॉक्टरीण फक्त हं, हं करत होती. शेवटी ती म्हणाली, "हेच हवं होतं मला. पण आजी, इतकी वर्षं कुणालाच नाही सांगितलंत?"

"कुणी इचारलंच न्हाई, बाई," अव्वा म्हणाली.

अव्वा काही केल्या जेवेना. तिथं लिंग गळ्यात पडल्याचं कळल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाली. मग जगदेवीही न जेवता तशीच उठली आणि दोनची एसटी धरली. पदराला एकच गाठ मारली. साडेचार तास ती गाठ मुठीत धरून बसली. अव्वाला फोन, अव्वाला फोन, असं पुटपुटत होती. कंडक्टर दोनदा वळून बघून गेला.

लिंग देवळीतच होतं. तिनं ते बांधलं, फोन लावला. "बांधलं, अव्वा. आता जेव. फोन ठेवू नको, मी ऐकते."

पलीकडे पातेलं उचलल्याचा आवाज आला. इकडे तिनं मघा ठेवलेला चहा उतू जाऊन शेगडीभर पसरला. गुरुबसप्पा धावत आला, गॅस बंद केला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला.

"डॉक्टरीण काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

जगदेवीनं त्याला हातानं गप्प केलं. "थांबा जरा. अव्वा जेवून राहिली."