उरलेली वीज

नणंद आणि मी एकाच कारखान्यात केबलची चाचणी करायचो. त्या दिवशी तिची लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, आणि हिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तिने मशीन बंद केलं, केबलमध्ये साठलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची काठी तिच्या मधल्या तारेला लावली. ठिणगी उडताच काठी काढून ती कनेक्टर सोडवायला धावली. मी तिचा दंड धरला.

"वहिनी, सोडा! वीज गेली ना?"

"जाडजूड केबल आहे, आत मुरलेली पुन्हा वर येते. नातवंड धड हातांनी घ्यायचंय ना?"

मी काठी परत टेकवली. पुन्हा चटकन ठिणगी उडाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिनेच काठी घेतली आणि तारेला दाबून धरली. बाकावर तिचा फोन वाजत होता. तिने हात हलवला नाही.