नंदियची खिडकी

दॉ ऑन श्वे वुन्नाच्या फोटोच्या दुकानात आली ती रिकाम्या हातांनी. वीस वर्षांत या बाईने मोहिंगाच्या पातेल्याविना एक सकाळ काढली नव्हती. तिच्या माशांच्या रश्श्याचा वास आला की थापिनकोनचा बाजार जागा व्हायचा. आज बाजार तसाच झोपलेला होता.

"आमच्या भंतेंना नेलं," ती म्हणाली. "पहाटे छावणीतले शिपाई आले नि घेऊन गेले."

भंते म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, नंदिय. नवव्या वर्षी मठात गेला, आता सत्तावीस वर्षांचा होता. त्याने चीवर घेतलं त्या दिवसापासून तिने पोटच्या पोराला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आधी गुडघ्यांवर बसून तीनदा नमस्कार, मगच बोलणं.

"पण का, मावशी?"

"मला विचारतोस? तुझा फोटो होता त्यांच्या हातात."

वुन्नाने खुर्ची ओढली, पण बसला मात्र नाही.

लग्नं आणि ओळखपत्रांचे फोटो हा त्याच्या पोटाचा धंदा. जीव मात्र मठांमध्ये अडकलेला. त्याचा उस्ताद सांगायचा, पडद्यापुढे उभं केलं की नुसता चेहरा मिळतो. माणूस हवा तर त्याला त्याच्या जागेवर गाठावं. वुन्नाने तीन वर्षं तेच केलं. भाताच्या हंड्याशी घामाघूम झालेला आचारी भिक्खू टिपला, ताडपत्रांच्या पेटीवर हात ठेवून पेंगणारे थोरले भंते टिपले. बँकॉकच्या एका प्रदर्शनाने वीस फोटो मागितले, तेव्हा स्वारी आठवडाभर जमिनीवर नव्हती.

आणि वर्षावासात, भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामात, नंदियच्या मठात तेज नावाचा तरुण आला. छावणीतून पळालेला शिपाई. थोरल्या भंतेंनी एक अक्षर न विचारता त्याचं मुंडण केलं. तेजने सगळं वुन्नाला सांगितलं, आणि वुन्नाला त्याच्या फोटोची हाव सुटली. हावच, दुसरा शब्द नाही. तेज नको म्हणत होता. "चेहरा अंधारात ठेवतो," वुन्नाने शपथ घेतली, "उजेड फक्त हातांवर."

तेजची जागा कोठाराच्या कोपऱ्यात होती. तिथे दिवसासुद्धा दिवा लागायचा. नंदियच्या खिडकीत मात्र सकाळचा उजेड असा तिरपा यायचा की मागून मिळणार नाही. नंदिय पाठाला गेला होता. पाच मिनिटांचं तर काम! वुन्नाने तेजला नंदियच्या चटईवर, नंदियच्या बैठ्या मेजापाशी बसवलं. ज्याने जन्मभर माणसाची जागा शोधली, त्याने त्या दिवशी उजेडासाठी जागा उसनी घेतली.

फोटो दोन निघाले. चेहरा अंधारात असलेला बँकॉकला गेला, खाली ओळ होती, 'बंदूक टाकलेला भिक्खू'. दुसऱ्यात चेहरा स्वच्छ होता. तो वुन्नाने स्वतःसाठी काढला, कारण हात शिवशिवत होते.

बँकॉकला पाठवण्याआधी त्याने चेहरा दहादा तपासला. डोक्यामागचं भिंतीवरचं घड्याळ एकदाही नाही. मठातल्या खांबांवर, पंख्यांवर, पाण्याच्या नळावरसुद्धा दात्यांची नावं रंगवलेली असतात. लहानपणापासून इतकी पाहिलेली की दिसेनाशी होतात. त्या घड्याळाखाली बोटभर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'दान: दॉ ऑन श्वे, मोहिंगावाली, थापिनकोन'. फोटो फिरत फिरत छावणीत पोचला, आणि तिथे कुणाला तरी वाचता येत होतं.

"त्यांनी विचारलं, ही खिडकी कुणाची?" दॉ ऑन श्वे सांगत होती. "आमचे भंते म्हणाले, माझी. मग काय म्हणणार? खोटं बोलणार? अठरा वर्षं तिथेच बसतात ते. थोरले भंते म्हणाले, हा तो नव्हे. तर म्हणे, मग तो कोण ते सांगा. तेव्हा सगळे गप्प."

"मी जातो छावणीत. सांगतो, मीच दुसऱ्याला बसवलं होतं."

"आणि दुसरा कोण, असं विचारल्यावर? तूही गप्प बसशील. गप्प बसायला माणसं खूप आहेत, वुन्ना." तिने खांद्यावरचा टॉवेल तोंडावरून फिरवला. "तुम्ही लोक एका फोटोवर थांबत नाही. माझ्या भाचीच्या लग्नात नुसता हार घालताना चाळीस काढलेस. चेहरा आहे तुझ्याकडे. दाखव."

त्याने संगणक उघडला. नाही म्हणायला तोंड कुठलं होतं?

ती संगणकाच्या पडद्याजवळ वाकली.

"हा?" ती म्हणाली. "हा तर भिक्षेच्या रांगेत शेवटचा असतो. भात वाढताना पात्र खाली धरतो, माझा हात दुखतो म्हणून." मग तिचा आवाज चढला. "आज पहाटे तिथेच उभा होता मेला! खाली मान घालून! माझं पोर नेत होते आणि हा जमीन बघत होता!"

माझं पोर. वुन्नाने मान वळवली.

"मावशी, तू म्हणशील तसं करतो. म्हणालीस तर हा फोटो आत्ता छावणीत नेऊन देतो."

"माझ्यावर ढकलतोस होय रे?" ती म्हणाली. "हाव तुझी आणि पाप मी करायचं?"

तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मी दिला असता. अजून देईन. या पोराला तिकडे काय करतील ते ठाऊक असूनही देईन. म्हणून सांगते, पूस. आत्ता, माझ्यासमोर. दुपारपर्यंत माझं मन असं राहायचं नाही."

"मावशी..."

"पूस म्हणते ना!"

त्याने पुसलं. संगणकातून पुसलं, कॅमेऱ्यातून पुसलं, दोन्हीकडे रिकामं झालेलं तिला दाखवलं. तिने मान हलवली आणि गेली. वुन्नाला वाटलं, एवढ्या मोठ्या मनाची बाई आपण दुसरी पाहिली नाही. आणि हे वाटून त्याला थोडं बरंही वाटलं, याची त्याला लाज वाटली.

दुपारी ती परत आली. दारात चपला काढून, गिऱ्हाइकासारखी पडद्यापुढच्या स्टुलावर बसली.

"एखादा राहिला असेल ना?" तिने हळूच विचारलं. "कुठेतरी?"

"नाही, मावशी. तुझ्यासमोरच पुसला."

"मी म्हटलं आणि लगेच पुसलास?" ती म्हणाली. "अरे, मी आई आहे. मी काहीही बोलेन. तू तरी नाही म्हणायचं होतंस."

वुन्नाने रिकामा कॅमेरा तिच्यापुढे धरला, तिने तो बाजूला सारला.

"बघ नीट. असेल."

त्याने संगणक पुन्हा सुरू केला. लग्नं उघडली, ओळखपत्रं उघडली, तीन वर्षांचे मठ एकेक करून उघडले. काही नव्हतं, आणि ते त्याला माहीत होतं. ती स्टुलावरून हलत नव्हती, म्हणून तो शोधत राहिला.